चंद्राबाईच्या नावचा कागद

जयसिंगराव मोहित्यांना सकाळी बूट घालता येईनात, तेव्हा चंद्राबाईला कळलं की हे साधं दुखणं नव्हे.

बूट समोरच असायचे, पॉलिश केलेले, आत मोजे खोचलेले. जयसिंगराव खाटेच्या कडेला बसून त्यांच्याकडं नुसते बघत राहायचे. अर्धा तास, पाऊण तास. शेवटी चंद्राबाई खाली बसायची, एकेक पाय मांडीवर घेऊन मोजे चढवायची, नाड्या बांधायची आणि म्हणायची, "झालं. उठा आता." मग ते उठायचे, डबा उचलायचे आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखे बसस्टॉपकडं जायचे.

ही साठ सालची गोष्ट. जयसिंगरावांना सेहेचाळीसावं वर्ष होतं. म्हैसूर संस्थानच्या घोडदळात ते दफेदार होते. संस्थान गेलं, घोडी गेली, मग एका फॅक्टरीच्या गेटावर त्यांना सेक्युरिटी जमादाराची नोकरी मिळाली. नोकरी वाईट नव्हती. बेंगळुरात, बसवनगुडीत दोड्ड बसवण्णाच्या देवळामागं दोन खोल्यांचं घर होतं, मागं विहीर, तुळस. एकच मुलगी, अहल्या, इंटरला होती आणि हुशार होती. घरात कुणी गेलं नव्हतं, कशाचं नुकसान झालं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. चंद्राबाईला त्याचंच भय वाटायचं. कारण असतं तर चार माणसांना सांगता आलं असतं.

गांधीबाजारातले म्हातारे डॉक्टर भीमाचार्य तीन महिने त्यांना मिक्श्चर देत होते. जयसिंगराव त्यांना एवढंच सांगायचे, की पोटात गोळा येतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला चव नाही. चौथ्या महिन्यात आचार्यांनी चंद्राबाईला एकटीला बोलावलं.

"अम्मा, पोटात काही नाही. छातीतही काही नाही. हे माझ्या बाटलीतलं दुखणं नव्हे." त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहिलं. "लालबागेपलीकडच्या इस्पितळात हे डॉक्टर आहेत, सुधींद्र म्हणून. माझ्या माहितीतला मुलगा आहे. रावांना घेऊन जा."

लालबागेपलीकडचं इस्पितळ म्हणजे कुठलं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. पोरं भांडताना एकमेकांना तिथं पाठवायची.

चंद्राबाईनं त्या संध्याकाळी कसंबसं नवऱ्याला सांगितलं. कित्येक महिन्यांत जयसिंगरावांचा आवाज चढला नव्हता, तो चढला.

"मी वेडा आहे? हुच्च आहे मी?"

"तसं नाही हो. आचार्य म्हणाले..."

"आचार्यांना काय जातंय म्हणायला! मोहित्यांच्या घरातला माणूस हुच्चर आस्पत्रेत? थोरल्या अण्णाच्या कानावर गेलं तर मी तोंड कुठं लपवू? आणि अहल्येचं लग्न? कोण करील?"

ते म्हणत होते ते सगळं खरं होतं. पुढच्या सोमवारपासून जयसिंगराव कामावर गेले नाहीत. तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. चौथ्या दिवशी त्यांच्यापुढं कॉफीचा लोटा ठेवून चंद्राबाई खाली बसली.

"अहो, मला बरं नाही."

जयसिंगरावांनी मान वळवली.

"मलाच दाखवायला सांगितलंय आचार्यांनी. तुम्हाला कसं सांगावं म्हणून तुमचं नाव घेतलं मी." ती फरशीकडं बघत बोलत होती. "सकाळी उठवत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखा वाटतो. पोटात गोळा येतो. कुणाशी बोलू नये असं वाटतं. तिथं मी एकटी कशी जाऊ?"

बराच वेळ ते तिच्याकडं बघत राहिले. कॉफी निवली. मग म्हणाले, "सरी, बरं. जाऊ या."

त्यांना किती कळलं होतं, हे चंद्राबाईला पुढंही कधी उमगलं नाही. तिनं विचारलं नाही.

गुरुवारी त्यांची सुट्टी असे. चंद्राबाईनं शेजारच्यांना सांगितलं की राघवेंद्रस्वामींच्या मठात निघालोय, काही गुरुवार करायचा नेम केलाय. पडदा लावलेला जटका केला. वाटेत घोड्याच्या टापा ऐकून जयसिंगरावांनी एकदा डोळे मिटले, तेवढंच. इस्पितळाच्या खिडकीपाशी कारकुनानं नाव विचारलं तेव्हा ती पुढं झाली. केसपेपरावर लिहिलं गेलं: चंद्राबाई, वय एकोणचाळीस.

डॉक्टर सुधींद्र तिशीतले होते. जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर बारीक अंगारा-अक्षत, बोलणं हळू. त्यांचं कन्नड आणि चंद्राबाईचं कन्नड सारखंच, घरातलं. चंद्राबाईनं पाठ केलेलं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर मधूनमधून बाजूच्या स्टुलाकडं जात होती. तिथं दोन दिवसांची दाढी वाढलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आणि रोगी म्हणवणारी बाई वेणी घालून, केसात अबोली माळून ताठ बसली होती.

"राव, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "अम्मा सकाळी काय करतात?"

जयसिंगराव घसा खाकरून म्हणाले, "बसून राहते."

"नुसत्या?"

"उठायचं असतं तिला. मनात दहा वेळा उठते. पाय ऐकत नाहीत." मग त्यांचे शब्द एकेक करून येऊ लागले. "तिला वाटतं, आपण घरावर ओझं झालोय. खातो ते फुकट खातो. कुणी हाक मारली की दचकते. लोक बघतात असं वाटतं."

"कुठले लोक?"

"गेटातून येतात-जातात ते. प्रत्येक जण तिच्या तोंडाकडं बघतो आणि त्याला कळतं."

चंद्राबाई आयुष्यात कुठल्या गेटावर उभी राहिली नव्हती. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"मग त्या काय करतात?"

"टोपी पुढं ओढते," जयसिंगराव म्हणाले.

कुणी हसलं नाही. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. डॉक्टर म्हणाले, "राव, तुम्ही स्वल्प बाहेर बसता? अम्माशी थोडं बोलायचंय."

ते गेल्यावर डॉक्टरांनी केसपेपर तिच्यापुढं सरकवला. "अम्मा, हा कागद कुणाचा?"

चंद्राबाईला रडू आलं नाही. इतकी दमली होती की रडायलाही कष्ट पडले असते. तिनं सगळं सांगितलं, बुटांपासून.

"असं नाही चालत," डॉक्टर म्हणाले. "ज्याला आजार त्याच्या नावानं औषध द्यायचं असतं. मी खोटं कसं लिहू? समजावून सांगा त्यांना. नाहीतर मी सांगतो."

"सांगितलंत तर आज ऐकून घेतील आणि परत कधी येणार नाहीत."

"जिवाचं बरंवाईट करायचं बोलतात का कधी?"

"बोलत नाहीत." तिनं दाराकडं बघून आवाज खाली घेतला. "आमच्या मागं विहीर आहे, डाक्ट्रे. मी तिच्यावर फळ्या टाकल्यात. मांजरं पडतात म्हणून सांगते सगळ्यांना."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग पुसायचं राहिलं असावं तसा पुन्हा काढला.

"कागदाचं मी बघून घेईन," चंद्राबाई म्हणाली. "माझ्या नावावर काय लिहायचं ते लिहा. माणूस तेवढा बघा."

डॉक्टरांनी जयसिंगरावांना आत बोलावलं. त्यांच्या डोळ्यात बघून सांगितलं, "राव, आजारी माणसाबरोबर राहणाऱ्यालाही आजाराचा भार होतो. या नवीन गोळ्या आहेत, तुम्ही घ्यायच्या. दुपारी एक, रात्री एक. तोंड कोरडं पडेल, घाबरू नका. अम्मांना मी वेगळ्या देतो. आणि दर गुरुवारी दोघांनीही यायचं. अम्मांना कसं वाटतं ते तुम्ही मला सांगायचं. तुमच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही."

जयसिंगरावांनी कुठल्या गोळ्या, कशाच्या, काही विचारलं नाही. "सरी," म्हणाले.

चंद्राबाईला मिळाल्या त्या जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या होत्या. तिला त्यांचा वास आवडत नसे, पण ती नवऱ्यादेखत रोज घ्यायची.

असे गुरुवार जात राहिले. दर खेपेला जयसिंगराव स्टुलावर बसून 'तिच्याबद्दल' सांगायचे. तिला लहानपणीचं आठवतं. तिच्या घोड्याला गोळी घालावी लागली होती, ते डोळ्यापुढं येतं. तिला वाटतं की संस्थान होतं तेव्हा आपण कुणीतरी होतो. डॉक्टर विचारत, "मग तुम्ही तिला काय सांगता?" आणि जयसिंगराव विचार करून काहीतरी सांगत. ते सांगताना त्यांचा चेहरा थोडा सैल पडे. चंद्राबाई मध्ये बसून ऐकायची. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं मन ती अशी आपल्याच नावानं पहिल्यांदा ऐकत होती. तिथून घरी जाऊन तिला भात टाकायचा असे.

दोन महिन्यांनी थोरले दीर हंबीरराव देवनहळ्ळीहून अचानक आले. गुरुवार होता, घराला कुलूप होतं. ते ओट्यावर बसून राहिले. दोघं परतल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं होता रे?"

जयसिंगरावांना थोरल्या भावाशी खोटं बोलायची सवय नव्हती. "डॉक्टरांकडं," ते म्हणाले.

"कुठल्या डॉक्टरांकडं?"

जयसिंगरावांनी इस्पितळाचं नाव सांगितलं. हंबीरराव उभेच राहिले. "कशाला?"

चंद्राबाई आत चूल पेटवत होती. तिनं फुंकणी तोंडाजवळून खाली घेतली.

"हिला," जयसिंगराव म्हणाले. "हिची तब्येत बरी नाही."

हंबीररावांचा श्वास सुटल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. "असं होय. मला वाटलं..." ते खाली बसले. "बायकांना होतं असं ह्या वयात. आपल्या घरात कुणाला नव्हतं कधी, तिच्या माहेराकडून आलं असेल. बाहेर बोलू नकोस कुठं."

चंद्राबाईनं फुंकणी परत तोंडाला लावली. हे तिनंच मागितलं होतं. त्यात तक्रार कुणाकडं करणार? तरी जेवण वाढताना तिनं नवऱ्याच्या ताटाकडंच बघितलं, तोंडाकडं नाही.

त्याच हिवाळ्यात हंबीररावांच्या नातवाचं बारसं झालं. देवनहळ्ळीत सगळं गोत जमलं होतं. पाळणा फुलांनी सजवला होता. बायका एकेक करून दोरी ओढत होत्या, गाणी म्हणत होत्या. चंद्राबाईची पाळी आली तशी ती पुढं सरकली. थोरली जाऊ हसतमुखानं मध्ये आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू बस गं. दमशील. तब्येत सांभाळ."

दोरी पुढच्या बाईच्या हातात गेली. गाणं क्षणभर अडखळलं आणि परत सुरू झालं. चंद्राबाईनं वर बघितलं तेव्हा जयसिंगराव दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांची नजर तिच्या नजरेला भिडली आणि तशीच अंगणातल्या चकोतऱ्याच्या झाडाकडं वळली. झाडाला मोठाली पिवळी फळं लागली होती. ते फळं मोजत असल्यासारखे उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये तिला वाटत होतं की ते काहीतरी बोलतील. यलहंका गेलं, हेब्बाळचं तळं गेलं. ते बरे होत चालले होते, एवढं मात्र दिसत होतं. खिडकीशी बसून त्यांनी शेंगा विकत घेतल्या आणि सोलून निम्म्या तिच्या पदरात टाकल्या.

वर्षभरात जयसिंगराव आपले बूट आपण घालू लागले. मिशीला पीळ आला. विहिरीवरच्या फळ्या चंद्राबाईनं काढल्या. डॉक्टर म्हणाले, आता दोन महिन्यांनी एकदा या. आणि हळूच म्हणाले, "राव, एक कागद तुमच्या नावचाही करू या का?" जयसिंगराव हसल्यासारखं करून म्हणाले, "मला काय झालंय?"

बासष्टच्या मार्चमध्ये अहल्येला स्थळ आलं. चिकपेटेत कापडाचं दुकान असलेलं मराठा घर, मुलगा शिकलेला. मुलगी बघून झाली, पसंत पडली, पत्रिका जुळली. हंबीरराव मुद्दाम येऊन राहिले. एका रविवारी सकाळी मुलाचे मामा बसवंतराव एकटेच आले. पंचावन्नचे, सभ्य गृहस्थ. कॉफी झाली तरी त्यांनी मूळ गोष्ट काढली नाही. शेवटी म्हणाले, "राव, मुलीत काही बोट दाखवायला जागा नाही. पण आमच्या दुकानातल्या एकानं... त्याची बहीण तिथं दाखल होती. त्यानं अहल्येच्या आईला तिथं बघितलंय. एकदा नव्हे, पुष्कळदा. आमच्या बहिणीचा जीव धसकलाय. हे रक्तातून उतरतं म्हणतात."

हंबीरराव फरशीकडं बघत राहिले. आत दाराच्या फळीआड अहल्या उभी होती, तिच्यामागं चंद्राबाई. चंद्राबाईला फक्त वाटलं, आलं एकदाचं.

बाहेर जयसिंगराव बोलले. "तो कागद तिचा नाही."

"काय?"

"इस्पितळातला. नाव तिचं आहे. आजारी मी होतो. दीड वर्ष. गोळ्या मी खाल्ल्या. मी जायला तयार नव्हतो म्हणून तिनं स्वतःचं नाव दिलं. तिला काही नाही. कधीच काही नव्हतं."

बसवंतराव उठले. त्यांनी पुढं होऊन जयसिंगरावांचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"राव," ते म्हणाले, "बायकोसाठी असं स्वतःवर ओढून घेणारा माणूस मी बघितला नव्हता. पायावर डोकं ठेवावं अशी ही गोष्ट आहे."

"मी खरं सांगतोय."

"होय, होय. मी समजलो." त्यांनी हात सोडले नाहीत. "घोडदळातला माणूस तुम्ही. आम्हाला काय दिसत नाही? पण आमचाही इलाज नाही. राग नसावा."

ते गेल्यावर हंबीरराव भावावर चिडले. "तिला झाकायचं होतं तर दुसरं काहीही सांगायचंस. वेडाचं नाव स्वतःवर? उद्या माझ्या पोरांच्या सोयरिकी आहेत!"

"अण्णा, खरंच मी..."

"पुरे!" हंबीरराव म्हणाले. त्यांना खरोखर पटलं नव्हतं की पटवून घ्यायचं नव्हतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुपारच्या बसनं ते देवनहळ्ळीला निघून गेले.

अहल्या आईजवळ येऊन बसली. चंद्राबाई तांदूळ निवडत होती.

"अप्पा खरं बोलले ना?"

चंद्राबाईनं होय म्हणून मान हलवली.

"मला माहीत होतं. न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. मला वाटायचं, तुला माहीत नाही, म्हणून मी तुला सांगितलं नाही." तिनं सुपाची कड धरली. "आणि तू मला नाही सांगितलंस! सगळी तुला वेडी म्हणत होती आणि मीसुद्धा... मीसुद्धा कधी कधी तुझ्याकडं तसं बघितलं, आई. आज अप्पा घाबरलेले असायचे, उद्या तू पिवळ्या गोळ्या खायचीस. मला काहीच कळत नव्हतं."

"तुला सांगितलं असतं तर तूही लपवत बसली असतीस," चंद्राबाई म्हणाली. "एकीनंच लपवलेलं बरं, असं वाटलं मला." आणि सूप बाजूला ठेवून म्हणाली, "चुकलंच असेल माझं."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. जयसिंगराव कामावर जात होते, पण पुन्हा मुकाट झाले होते. आयुष्यात एकदाच खरं बोलायचं धाडस केलं आणि त्याची त्यांना वाहवा मिळाली, हे त्यांना सोसत नव्हतं. चंद्राबाईला आता झोपच येईना. अंग टाकलं की डोळे टक्क उघडे. दिवसा भाजी चिरता चिरता ती कुठं हरवायची, दुधाला उतू जाताना बघत उभी राहायची. पण तिला वाटे, हे सगळं नवऱ्याच्या काळजीनं आहे. ते बरे झाले की जाईल.

एप्रिलातल्या गुरुवारी दोघं इस्पितळात गेले. डॉक्टर सुधींद्रांच्या कानावरच्या केसांमध्ये आता एक-दोन पांढरे दिसत होते. त्यांनी केसपेपर काढला, नेहमीसारखं स्टुलाकडं वळून विचारलं, "राव, अम्मा कशा आहेत?"

चंद्राबाई ऐकायला सरसावून बसली. ते काय सांगतील, त्यावरून घरी काय करायचं ते तिला ठरवायचं होतं.

"हिला झोप लागत नाही," जयसिंगराव म्हणाले.

"किती दिवस?"

"महिना होऊन गेला. डोळे मिटून पडते, मला वाटावं झोपली म्हणून. पण श्वासावरून कळतं. मीही जागाच असतो." ते हळूहळू बोलत होते. "जेवायला बसते ती शेवटी, आणि भात तसाच झाकून ठेवते. परवा दूध उतू गेलं. समोर उभी होती. मी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळली. गेल्या वर्षी हसायची, आता हसत नाही. बारशाला तिला दोरी धरू दिली नाही, त्या दिवसापासून ती देवनहळ्ळीचं नाव काढत नाही. मी तिथं उभा होतो. मी बोललो नाही."

डॉक्टरांनी लेखणी हातात धरून ठेवली होती. "राव, हे कुणाचं सांगताय?"

"हिचं," जयसिंगराव म्हणाले. "आज हिचं. माझं नंतर सांगतो."

चंद्राबाई नवऱ्याकडं बघत राहिली. इतके दिवस आपल्याला कुणी बघत नाही, अशी तिची खात्री होती. तिनं म्हणायचा प्रयत्न केला, "मला काही नाही, डाक्ट्रे, ह्यांचंच..." पण वाक्य पुरं झालं नाही. पदर तोंडाशी नेऊन ती रडायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. बाहेर रांगेतली माणसं खोळंबली. डॉक्टरांनी शिपायाला हातानंच थांब म्हणून सांगितलं. जयसिंगरावांना काय करावं ते कळत नव्हतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या दिवशी पिवळ्या गोळ्या बंद झाल्या आणि तिला खऱ्या औषधाच्या मिळाल्या. जयसिंगरावांच्या जुन्या परत सुरू झाल्या. दोघांचं त्याच एका कागदावर लिहिलं गेलं. जयसिंगरावांनी स्वतःच्या नावचा कागद शेवटपर्यंत काढला नाही. पुढं डॉक्टर सुधींद्रांची बदली झाली. नवीन आलेल्या डॉक्टरांना त्या बाईच्या केसपेपरात घोडदळ, गेट आणि मिशी कुठून आली, ते समजेना, तेव्हा चंद्राबाईलाच सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तिचा अर्धा दिवस गेला त्यात.

अहल्येचं लग्न त्रेसष्टच्या शेवटी ठरलं. मुलगा परशुराम खानापूरकडचा, बेंगळुरात टेलिफोन खात्यात नोकरीला. बाप नव्हता. आई गंगव्वा गावाहून आली होती. उन्हानं रापलेली, मोठं कुंकू लावणारी बाई. बोलणी झाल्यावर पुरुष ओट्यावर पानं खात बसले आणि दोघी विहिणी स्वयंपाकघरात राहिल्या. गंगव्वानं इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "कायतरी कानावर आलंय माझ्या. तुमी त्या आस्पत्रीत जाता म्हनं?"

चंद्राबाईनं कढईतला झारा बाजूला ठेवला. मठ, गुरुवार, नेम, असं सगळं तिच्या जिभेवर आलं. पण ते पुन्हा रचायचं तिच्या जिवावर आलं.

"जाते," ती म्हणाली. "आम्ही दोघंही जातो. त्यांना आधी होतं, मग मला झालं. अहल्येला सगळं ठाऊक आहे. तुम्हाला नको वाटत असेल तर आताच सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही."

"काय व्हायचं तुमास्नी?"

"झोप लागायची नाही. कशात मन लागायचं नाही. आता लागते थोडी. रोज नाही."

गंगव्वानं चुलीतलं लाकूड आत सारलं, ते पेटलेलंच होतं. ओट्यावर परशुराम कशाला तरी हसला, तिनं तिकडं एकदा बघितलं. मग ती चंद्राबाईच्या जवळ सरकली, इतकी जवळ की तिच्या लुगड्याला येणारा प्रवासाचा वास आला, आणि दाराकडं नजर ठेवून हलक्या आवाजात म्हणाली,

"त्ये डाक्टर बायकास्नी एकटीला बगत्यात काय वो? पोराला न कळता?"

चंद्राबाईनं तिला वार सांगितला.